तेहतीस फुटांच्या साखळीतलं मरोळ

मरोळमधल्या एखाद्या जुन्या इमारतीचं खरेदीखत हाती आलं, तर पहिली पानं खुशाल उलटून टाका. किंमत, अटी, वारसांच्या सह्या यांत विशेष काही नसतं. शेवटाकडे परिशिष्टाचं पान येतं, ते मात्र सावकाश वाचा. ‘मौजे मरोळ, तालुका अंधेरी, जिल्हा मुंबई उपनगर येथील जमीन, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक.’ त्याखाली चतुःसीमा : पूर्वेस दुसरा कुठला तरी सर्व्हे नंबर, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट. डोक्यावरून विमानं उतरतायत, मरोळ नाक्याला एक मेट्रो पुलावरून आणि दुसरी भुयारातून जातेय, चौदाव्या मजल्यावरच्या घराचा हप्ता कोणाच्या तरी पगारातून कापला जातोय, आणि कागद मात्र गाडीवाट म्हणतोय.

हा सर्व्हे नंबर म्हणजे बहुतेक वेळा भाताच्या खाचरांचा किंवा गवताळ वरकस जमिनीचा पत्ता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केव्हा तरी, कापणी उरकून खाचरं सुकल्यावर, इथल्या बांधांवरून माणसं लोखंडी साखळी ओढत गेली. आपण शहर मोजतोय याची त्यांना कल्पनाही नव्हती. पण मरोळमधल्या कितीतरी कंपाउंड भिंती, गल्ल्या आणि इमारतींचे तिरके कोपरे त्यांनीच ठरवून ठेवले आहेत. नगररचनाकार पुष्कळ उशिरा आला. तोवर शहराच्या रेघा भातात पडून गेल्या होत्या.

खुद्द मुंबई शहराची गोष्ट याच्या उलट आहे. ते शहर नवं होतं तेव्हा त्याच्या हद्दीवर दगड रोवायचं कारणच नव्हतं. तीन बाजूंना समुद्र आणि उत्तरेला माहीमची खाडी, अशी हद्द पाण्यानेच आखून दिलेली. प्रश्न होता तो आतल्या जमिनीचा : कोणती कोणाची, आणि तिच्यावर सारा किती. कॅप्टन थॉमस डिकिन्सन याने १८११ ते १८२७ या काळात बेटाची महसुली मोजणी केली. पुढे १८६५ मध्ये कर्नल लॉटन याने नव्याने काम हाती घेतलं आणि ते १८७२ पर्यंत चाललं. १८६५ हे वर्षही मोठं गमतीचं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशावर समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या होत्या, कोटाच्या भिंती पाडून झाल्या होत्या, आणि त्याच वर्षी तो सगळा फुगा फुटला. सट्टेवाले बुडत असताना लॉटनची माणसं गल्लीबोळ मोजत होती. त्यांच्या दाट वस्तीच्या नकाशांचं प्रमाण एका इंचाला चाळीस फूट असं आहे. म्हणजे तीन फुटांचा दरवाजा कागदावर जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण दाखवता येण्याजोगा. दक्षिण मुंबईतल्या दस्तांत ‘लॉटन सर्व्हे नंबर’ आजही लिहिला जातो. कर्नलसाहेबांचं नाव एखाद्या रस्त्याला असतं, तर ते एव्हाना केव्हाच बदललं असतं.

खाडीपलीकडच्या साष्टीत, म्हणजे मरोळ ज्या बेटावर आहे तिथे, मात्र शहर नव्हतं. पोर्तुगीजांकडे हे बेट १५३४ मध्ये आलं, मराठ्यांनी ते वसईच्या मोहिमेत १७३९ पर्यंत घेतलं आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून आपल्याकडे ओढलं. मालक बदलत गेले, तरी शेत मोजायची पद्धत फारशी बदलली नव्हती. किंबहुना, ठाणे जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी शेत मोजतच नसत. हुंडाबंदी, मुडाबंदी अशा पद्धती होत्या : या तुकड्यावर इतके मुडे भात, असं ठोक ठरलेलं. तुकडा लांबीरुंदीला किती, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. देशावर शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी पाच हात पाच मुठींच्या काठीने जमीन मोजवली होती, तिचे पांड आणि बिघे केले होते. पण काठी म्हटली की हात कोणाचा आणि मूठ कोणाची, हा वाद आलाच.

इंग्रजांनी हा वाद मिटवायला घेतला तेव्हा पहिल्या खेपेला सपशेल आपटी खाल्ली. १८२७ पासून पुढे पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायची योजना राबवली. कागदावर ती फार हुशारीची होती. प्रत्यक्षात मोजणीत घोळ झाला, हाताखालच्या लोकांनी हात ओले करून घेतले, सारा अवाच्या सवा बसला आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा एक मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा तरुण इंजिनिअर इंदापूर तालुक्यात उतरले. त्यांनी तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं. शेत किती मोठं, माती कशी, एवढंच पाहायचं आणि ठरलेला सारा तीस वर्षं हलवायचा नाही. १८४७ मध्ये या दोघांनी डेव्हिडसनला बरोबर घेऊन सगळे नियम एका अहवालात बांधून टाकले. मुंबई इलाख्याची मोजणी पुढे त्याच वाटेने गेली आणि १८५० नंतरच्या दोन दशकांत ठाणे जिल्ह्यात पोचली. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला.

आता ती साखळी. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त थक्क करते ती हीच.

इंग्लंडमध्ये एडमंड गंटर याने १६२० मध्ये ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. तिच्या शंभर कड्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. हिशोब दशमानात, सुटसुटीत. मुंबई इलाख्याने ती बरोबर अर्धी केली, ३३ फूट, आणि तिचे भाग शंभर न करता सोळा केले. त्या भागाला म्हटलं आणा. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचेही पुन्हा सोळा आणे.

सोळाच का? इथल्या कारकुनाचं डोकं सोळांत चालायचं. रुपयाचे आणे सोळा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पंतोजींनी घोकून घेतलेले. अशा माणसाला दशांश चिन्ह शिकवत बसण्यापेक्षा जमीनच रुपयात मोजली. साखळीला साखळीने गुणलं की गुंठे, साखळीला आण्याने गुणलं की गुंठ्याचे आणे. एवढ्यावर हे थांबलं नाही. मातीची प्रतही आण्यांत : उत्तम काळी खोल जमीन सोळा आणे, मग दगड, चुनखडी, उतार, पाण्याचा मारा असे दोष पाहत खाली उतरायचं. आणि शेवटी सारा, तो तर रुपये-आण्यांतच. लांबी, क्षेत्र, कस आणि कर या चार अगदी निराळ्या गोष्टी एकाच अपूर्णांकात बांधल्या. कुठल्याही देशातल्या सरकारी खात्याने इतकं देखणं गणित क्वचितच केलं असेल, आणि याबद्दल विंगेटसाहेबाला दाद द्यायला माझी मुळीच हरकत नाही, जरी हे सगळं सारा नीट वसूल व्हावा म्हणूनच होतं.

साखळीचा जोडीदार म्हणजे शंकू. भूमी अभिलेख खात्यात ‘शंकू साखळी मोजणी’ असा शब्दप्रयोग आजही कानावर येतो, तोच हा. काठीवर एक माथा आणि त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. यंत्र एवढंच. भिंग नाही, अंशांची चकती नाही.

एखादं खाचर डोळ्यांपुढे आणा. बांध वेडेवाकडे, एकही बाजू सरळ नाही. मोजणीदार आधी खाचराच्या दोन लांबच्या टोकांना झेंड्या रोवतो आणि त्यांच्यामध्ये सरळ साखळी टाकत जातो. ही आधाराची रेघ. मग शंकू घेऊन तो या रेघेवरून चालतो. एका फटीतून समोरची झेंडी दिसत राहिली पाहिजे. चालताना एक जागा अशी येते की दुसऱ्या फटीतून बांधाचा वळणाचा कोपरा नेमका दिसतो. तिथे थांबायचं. तिथपर्यंत किती साखळ्या झाल्या ते लिहायचं आणि तिथून कोपऱ्यापर्यंत काटकोनात किती, तेही लिहायचं. पुढच्या कोपऱ्यासाठी पुन्हा चालायचं.

समजा, आधाराची रेघ सहा साखळ्यांची आहे. दोन साखळ्यांवर उजवीकडचा कोपरा दीड साखळीवर सापडला आणि पाच साखळ्यांवर पुढचा कोपरा दोन साखळ्यांवर. आता त्या वाकड्या बाजूचे तीन तुकडे झाले : दोन टोकांना दोन त्रिकोण आणि मध्ये एक समलंब चौकोन. पहिला त्रिकोण दोन गुणिले दीड, त्याचं निम्मं, म्हणजे दीड गुंठा. मधला तुकडा पावणेदोन गुणिले तीन, म्हणजे सव्वापाच गुंठे. शेवटचा एक गुणिले दोन, त्याचं निम्मं, एक गुंठा. बेरीज पावणेआठ, अर्थात सात गुंठे बारा आणे. पावकी आणि दिडकी येणारा माणूस हे झाडाखाली बसून करेल. शेताचं हे कच्चं रेखाटन म्हणजे टिपण, आणि गुणाकाराची आकडेमोड ज्यात होते ते गुणाकार बुक. भूमी अभिलेखाच्या कार्यालयांतून ही पुस्तकं अजून जपून ठेवलेली असतात.

यात एकही कोन लिहिलेला नाही, हे लक्षात आलं का? काटकोन सोडला तर कोन नावाची गोष्टच नाही, आणि काटकोन तर यंत्रातच कोरलेला. चौथी-पाचवीच्या भूमितीवर महाराष्ट्रातल्या लाखो शेतांच्या आकृत्या काढल्या गेल्या आणि त्या अजून कोर्टात चालतात.

अर्थात, साखळीला एक खोड होती. रोज ओढून ओढून कड्या झिजत, सांधे सैल पडत आणि साखळी लांबत जाई. लांब साखळीने मोजलं की जमीन कमी भरते. म्हणून ती वरचेवर प्रमाण मापाशी ताडून पाहावी लागे. साखळी फक्त एक इंच वाढली असं धरा. ३९६ इंचांत एक इंच, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण क्षेत्रात ही चूक दुप्पट होते आणि एका एकरात सुमारे २२० चौरस फूट गायब होतात. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला एका कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर मिळायचं. साखळीच्या एका सैल इंचात एकरामागे जवळजवळ एक बिऱ्हाड बसतं. भाताच्या काळात हा फरक थोड्याशा भाताचाच होता.

या मोजणीत एक गोष्ट मात्र सोडून दिली होती, आणि तिचे भोग मरोळ आजतागायत भोगतंय. गावाच्या नकाशावर प्रत्येक खाचर नंबर घालून आखलेलं दिसेल, पण मधोमध एक तुकडा असतो, त्याला नुसती बाहेरची हद्द. आत कोरं. ते गावठाण. घरं, अंगणं, विहिरी, क्रूस, देवळं, पाखाड्या हे सगळं त्या कोऱ्या जागेत. गावठाणातल्या जागेवर शेतसारा नव्हता, मग तिथे साखळी ओढायची कशाला? मरोळच्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या खाचराचा कोपरा आण्यापर्यंत नोंदला गेला आणि घराचा उंबरा नकाशावर आलाच नाही. लॉटनने फोर्टातल्या इमारती जशा एकेक करून टिपल्या, तशी नजर मरोळच्या घरांवर कोणी टाकली नाही. सरकारला ज्याच्यावर कर लावायचा होता तेच दिसलं, असं मी म्हणेन. नंतर नगर भूमापन आलं, मिळकत पत्रिका आल्या, पण मुंबईतल्या अनेक गावठाणांत एकाच नंबराखाली कितीतरी घरं, किंवा घर आहे पण स्वतंत्र पत्रिका नाही, ही तक्रार ऐकू येतेच. पुनर्विकासाची बोलणी नेमकी तिथे अडतात.

गाव तरी एका जागी कुठे होतं म्हणा. आजच्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाच्या आत १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली आणि तिथली वस्ती मरोळकडे सरकली, असं सांगतात. साखळीवाले आले तेव्हा ते चर्च रिकामंच असणार.

मग शहर आलं. महापालिकेची हद्द १९५० मध्ये बेट ओलांडून अंधेरीपर्यंत आली, आणि १९५७ मध्ये आणखी उत्तरेला सरकली. कायद्याच्या कलमांनी मुंबई कित्येक पटींनी मोठी झाली. पण नवा प्रदेश काही कोरा नव्हता, तो सर्व्हे नंबरांनी गच्च भरलेला होता. बिल्डरने घेतला तो सर्व्हे नंबर, भावाभावांनी वाटून घेतला तो हिस्सा नंबर, विकास आराखड्यात रस्ता आखला तोही याच रेघांवर. बांध गेला आणि त्याच जागी भिंत आली. एखाद्या सोसायटीचं आवार त्रिकोणी का, दोन इमारतींच्या मध्ये गाडी वळणार नाही अशी निमुळती पट्टी का, याचं उत्तर आर्किटेक्टकडे सहसा मिळत नाही. ते त्या खाचरातल्या पाण्याच्या उताराकडे असतं, कारण बांध पाण्याच्या कलाने घातलेले होते.

फरक पाहायचा असेल तर उपग्रहाचा नकाशा उघडून मरोळ वरून बघा. एमआयडीसी आणि सीप्झचा भाग लगेच ओळखू येतो. सेंट्रल रोड, क्रॉस रोड, सरळ फाटे, चौकोनी प्लॉट. एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ मध्ये स्थापन झालं, मग इथली जमीन संपादित झाली, जुने नंबर एकत्र करून नव्याने आखले गेले, आणि सीप्झ १९७३ मध्ये उभं राहिलं. त्या सरळ रेघा संपल्या की लगेच वेडीवाकडी ठिगळं सुरू होतात. तिथे खाचरं शाबूत आहेत, फक्त त्यांच्यावर पंधरा-वीस मजले आहेत.

पाणीही जुना नकाशा विसरलेलं नाही. मरोळच्या पूर्वेकडून मिठी वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीकाठची वस्ती बुडाली. जुन्या नोंदींत जमिनीचा प्रकार लिहिलेला असतो : भात, वरकस, खार, नाला. भात म्हणजे पाणी धरून ठेवणारी सखल जागा, वरकस म्हणजे उंचावरचं माळरान. घर घ्यायच्या आधी माणसं वास्तू बघतात, दिशा बघतात. मी तर म्हणेन, सर्व्हे नंबरचा जुना उतारा काढा आणि तिथे भात होतं की वरकस, एवढं पाहा.

आजचा भूकरमापक साखळी ओढत नाही. तो रोव्हर घेऊन येतो, उपग्रहांकडून जागा विचारतो, आणि काही सेंटिमीटरच्या आत उत्तर मिळवतो. पण हद्दकायम मोजणीत त्याचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपण आत्ता कुठे उभे आहोत हे उपग्रह सांगतो, हद्द कुठे आहे हे सांगत नाही. हद्द आहे टिपणात. म्हणून त्याला जुना नकाशा नव्यावर बसवावा लागतो, आणि त्यासाठी दोन्हींत सापडेल असं काहीतरी न हलता राहिलेलं हवं : एखादी विहीर, क्रूस, गावठाणाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. मरोळसारख्या ठिकाणी असं काही शिल्लक असणंच मुश्कील. बहुतेक दगड कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पायाखाली गेलेले. दोन पुरावे जुळले नाहीत तर मूळ अभिलेखाचं म्हणणं सहजासहजी बाजूला सारता येत नाही, आणि सेंटिमीटरवाल्या यंत्राला आण्यांच्या हिशोबाने चाललेल्या साखळीशी तडजोड करावी लागते.

तुमच्याकडे उपनगरातल्या एखाद्या जुन्या जमिनीचा उतारा असेल तर एक गंमत करून पाहा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल, उदाहरणार्थ ७८४. हा आकडा कोणाला सुचला असेल? त्याला १०१.१७ ने भागा, कारण एका गुंठ्यात तितके चौरस मीटर. उत्तर येतं ७.७५. पूर्णांक सोडून उरलेल्या अपूर्णांकाला सोळाने गुणा : बारा. सात गुंठे बारा आणे. नगर भूमापनात जमीन नव्याने मोजली गेली असेल तर हिशोब असा सुबक जुळणार नाही. पण जुनाच आकडा मीटरमध्ये उतरवून घेतला असेल, तर सोळाने गुणल्यावर बहुधा पूर्ण आणे पडतात.